सूर्यकुमार देऊन आयुष घेतला, तर नुकसान कोणाचे?

मुंबई-नागपूर महामार्गाने जाणाऱ्यांना नांदुरा ठाऊक असते ते तेथील शंभर फुटांहून उंच हनुमानमूर्तीमुळे. रेल्वेने जाणाऱ्यांना ते भुसावळ आणि बडनेऱ्याच्या मधले एक स्थानक म्हणून आठवते. २०२५ च्या दिवाळीत बुलढाणा जिल्ह्यातील या गावात, एका घराच्या गच्चीवर, दहा मध्यमवयीन गृहस्थ फराळाची ताटे बाजूला सारून तावातावाने भांडत होते. भांडण शेताच्या बांधाचे नव्हते, निवडणुकीचेही नव्हते. त्यांच्यापैकी एकाने सूर्यकुमार यादव दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून आयुष म्हात्रे का घेतला, हा वादाचा विषय होता. दोघे एकमेकांचे साडू असल्याने प्रकरण अधिकच चिघळले होते आणि पाच महिने त्यातील एकाशी निम्मी मंडळी बोलत नव्हती.

या दहांच्या हिशेबाची वही प्रस्तुत लेखकाकडे असते. त्यामुळे निवाडा करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तो निवाडा करताना जे वाचले, मोडले आणि पुन्हा मांडले, ते या खेळात रस घेणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. ‘फँटसी’ खेळ म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ. आपण संघमालक व्हायचे, खेळाडू निवडायचे आणि ते प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यावर जमा करायचे. आपल्याकडे हा प्रकार बहुतेकांना माहीत झाला तो हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’मुळे. मात्र तेथील संघ एका सामन्यापुरता असतो. रात्री सामना संपला की संघही संपला. शिवाय तेथे पैसा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ते पर्व आटोपले.

आमची लीग त्या जातकुळीतली नाही. तिचे मूळ अमेरिकेतील बेसबॉलमध्ये आहे. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकार-संपादकाने न्यूयॉर्कमधील मित्रांसह एक खेळ सुरू केला. ही मंडळी ज्या उपाहारगृहात जमत त्याचे नाव ‘ला रोतिसरी फ्रान्सेज’, म्हणून खेळाचे नाव ‘रोटिसरी’ पडले. प्रत्येकाला २६० डॉलरचे अंदाजपत्रक, त्यात लिलावाने २३ खेळाडू घ्यायचे आणि पूर्ण हंगाम सांभाळायचे, अशी त्याची रचना होती. त्यातूनच पुढे ‘कीपर लीग’ रुजली. कीपर म्हणजे राखून ठेवलेला खेळाडू. हंगाम संपल्यावर सगळा संघ विसर्जित होत नाही. ठरावीक खेळाडू ठरावीक किमतीला पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात. या एका नियमाने खेळाची प्रकृतीच बदलते. एका सामन्याचा जुगार मागे पडतो आणि तिथे शेती सुरू होते. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीला हातात पैसा देते, तूर मात्र संक्रांतीपर्यंत थांबायला लावते. एकाच शिवारात दोन्ही उभी असतात आणि कोणत्या वर्षी कशावर भर द्यायचा, हा खरा प्रश्न असतो.

आमचे नियम साधे आहेत. दहा संघ, प्रत्येकी शंभर कवड्या, बारा खेळाडू. पैशाचा व्यवहार नको म्हणून चलनाचे नावच कवडी ठेवले आहे. आयपीएलमध्ये एका धावेला एक गुण, बळीला पंचवीस, झेलाला आठ. हंगाम संपल्यावर प्रत्येकाला तीन खेळाडू राखता येतात. मात्र दर वर्षी त्यांची किंमत पाच कवड्यांनी वाढते आणि तीन वर्षांनंतर त्यांना सोडावेच लागते. हंगाम चालू असताना आपसांत अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करता येतो. जिंकणाऱ्याला मिळते ती एक पितळी लोटी. तिच्यासाठी माणसे किती इरेला पेटतात हे पाहिल्यावाचून कळणार नाही.

आता मूळ व्यवहार. २०२५ ची आयपीएल मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षामुळे आठवडाभर थांबली होती. त्या रिकाम्या आठवड्यात आमच्या लीगमधील अव्वल क्रमांकावरच्या मित्राने तळाशी नवव्या क्रमांकावर असलेल्या आपल्या साडूकडून सूर्यकुमार घेतला आणि त्याला आयुष म्हात्रे दिला. सूर्यकुमार तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि बारा सामन्यांत ५१० धावा करून बसला होता. लिलावात तो २२ कवड्यांना गेला होता. विरारचा आयुष १७ वर्षांचा. जायबंदी ऋतुराज गायकवाडच्या जागी चेन्नईने त्याला एप्रिलमध्ये संघात घेतले, तेव्हा आमच्या मित्राने तो एका कवडीला उचलून ठेवला होता. तीन मे रोजी बंगळूरूविरुद्ध त्याने ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या. त्या खेळीचे कौतुक अजून ओसरले नव्हते, तेवढ्यात हा सौदा झाला.

पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर सूर्यकुमारने ७३, ५७, ३३ आणि ४४ अशा २०७ धावा काढल्या आणि हंगामाअखेर त्याची बेरीज ७१७ झाली. सोळाही डावांत तो एकदाही २५ च्या खाली बाद झाला नाही. आयुषने उरलेल्या दोन सामन्यांत ४३ आणि ३४ केल्या. फरक १३० धावांचा. आमच्या मित्राने लोटी जिंकली ती ५८ गुणांनी. म्हणजे हा सौदा झाला नसता, तर लोटी दुसऱ्याच्या घरी गेली असती. ज्याच्या घरी ती गेली असती, तो गच्चीवर सर्वांत मोठ्याने बोलत होता. “काहून बे, आमी काय येडे हाओत? साडूनं साडूले कप देल्ला, अजून काय!”

आरोप गंभीर होता. संगनमत सिद्ध झाले असते, तर पंधरा वर्षांची लीग तेथेच मोडली असती.

अशा व्यवहारांकडे पाहताना बहुतेक जण पहिली चूक करतात ती नावे तोलण्याची. एका पारड्यात सूर्यकुमार, दुसऱ्यात आयुष, आणि मग ‘छे, हे काय बरोबरीचे आहे?’ असा निकाल. पण आपण नुसता खेळाडू घेत नसतो. त्याच्यासोबत त्याची किंमत घेतो, तो किती काळ आपल्याकडे राहू शकतो ती मुदत घेतो, आणि संघातली एक जागाही त्याच्यासाठी अडवतो. या साऱ्यांचा एकत्रित हिशेब म्हणजे सौद्याचे मूल्य. त्यातही दोन्ही बाजूंचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो, कारण एकच खेळाडू दोन घरांत दोन भावांचा असतो.

अव्वल क्रमांकावरच्या मित्राचा हिशेब सोपा होता. त्याला पुढच्या वर्षीचे काही पडले नव्हते. चेन्नईचा संघ एप्रिलअखेरच बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर फेकला गेला होता, त्यामुळे आयुषचे दोनच सामने उरले होते. पाच डावांत त्याच्या १६३ धावा होत्या. म्हणजे सरासरीने पाहिले तर आणखी साधारण ६५ धावांची अपेक्षा. मुंबईचेही साखळीतील दोनच सामने बाकी होते, पण बाद फेरी गाठली तर आणखी एक, दोन, कदाचित तीन. सूर्यकुमारची सरासरी कामगिरी डावाला ४२ च्या आसपास धरली, तर कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त दोनशेच्या घरात धावा अपेक्षित होत्या. या अपेक्षेसाठी त्याने भविष्यातील एक चांगला खेळाडू सोडला. चुरशीच्या हंगामात हा सौदा कोणीही केला असता.

खरा प्रश्न नवव्या क्रमांकावरच्या साडूचा. त्याला यात काय मिळाले? त्या हंगामात त्याला काही मिळण्यासारखे नव्हतेच. सूर्यकुमारने आणखी पाचशे धावा केल्या असत्या, तरी तो फार तर आठवा आला असता. त्याच्या दृष्टीने त्या धावांचे मोल शून्य होते. त्याने पाहायचे ते पुढचे वर्ष. सूर्यकुमारला राखायचे तर २२ अधिक पाच, म्हणजे २७ कवड्या. आयुषला राखायचे तर एक अधिक पाच, म्हणजे सहा. खुल्या लिलावात सूर्यकुमारची रास्त किंमत मी २५ धरली आणि आयुषची १२. म्हणजे सूर्यकुमारला राखण्यात दोन कवड्यांचा तोटा, तर आयुषला राखण्यात सहा कवड्यांचा फायदा. हा हिशेब मी गच्चीवर वाचून दाखवला आणि प्रकरण मिटले असे समजून चिवड्याकडे वळलो.

मिटले नाही. आमच्यातला एक जण गणित शिकवतो. त्याने शांतपणे विचारले, “लिलावात कवड्या किती उरतात आणि खेळाडू किती, हे धरलंस काय?”

मी ते धरले नव्हते. कीपर लीगमध्ये नवखे हमखास अडखळतात ती हीच जागा आहे, आणि वहीवाला असूनही मी तेथेच अडखळलो. मुद्दा असा. दहा संघांकडे मिळून हजार कवड्या आणि बाजारात हजार कवड्यांच्या लायकीचे १२० खेळाडू. प्रत्येकाने तीन राखले की ३० खेळाडू लिलावाआधीच बाजूला होतात. पण लोक राखतात ते स्वस्तात मिळालेलेच. समजा त्या तिसांची खरी किंमत ४०० आहे आणि राखणाऱ्यांनी मिळून मोजल्या २४० कवड्या. म्हणजे लिलावात ७६० कवड्या येणार आणि माल ६०० चाच शिल्लक. साहजिकच प्रत्येक वस्तूचा भाव सुमारे सव्वापट होतो. माल कमी आणि पैसा जास्त असला की महागाई होते, हे नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात भाजी घेणाऱ्यालाही कळते. आम्हा सुशिक्षितांनाच ते सांगावे लागले.

या महागाईनंतर सूर्यकुमारची २५ ची किंमत ३१-३२ होते. म्हणजे २७ ला त्याला राखणे तोट्याचे नव्हतेच, उलट चार-पाच कवड्यांच्या फायद्याचे होते. गच्चीवर एकदम गलका झाला. साडू चुकला, असा निष्कर्ष काढून काही जण मोकळेही झाले. मात्र तोच गुणाकार आयुषलाही लावावा लागतो. त्याचे बारा पंधरापर्यंत जातात आणि सहा वजा केल्यावर फायदा नऊ कवड्यांचा राहतो. म्हणजे पहिल्या वर्षाचा विचार केला तरी देणारा चार कवड्यांनी वरचढच ठरतो. दुसऱ्या वर्षी अंतर आणखी वाढते. सूर्यकुमारची राखण ३२ वर जाते आणि वय ३६ कडे. आयुषची राखण ११ होते आणि तो विशीही गाठलेला नसतो.

अर्थात १७ वर्षांच्या मुलाबाबत पुढच्या दोन वर्षांचे आकडे मांडणे म्हणजे मृग नक्षत्रात दिवाळीचा कापूसभाव सांगणे. म्हणून माझा एक ठोकताळा आहे. दुसऱ्या वर्षाचा अपेक्षित फायदा अर्ध्याने कापायचा, तिसऱ्याचा पावाने धरायचा. त्याला शास्त्राधार फारसा नाही, पण तरुण खेळाडूंच्या मोहात वाहवत जाण्यापासून तो वाचवतो. राजस्थानने वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतले, तेव्हा तो १३ वर्षांचा होता आणि २८ एप्रिल २०२५ रोजी त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक झळकावले. असे एक उदाहरण डोळ्यांसमोर आले की प्रत्येकाला आपल्या संघातला पोरगा वैभवच वाटू लागतो. पहिल्या हंगामात चमकून नंतर नाव विस्मरणात गेलेले खेळाडू कोणी मोजत नाही.

भविष्य विकून वर्तमान विकत घेण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण बेसबॉलचेच आहे. १२ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट टायगर्स संघाने अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा गोलंदाज, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत पिचर, घेतला आणि त्या बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा विशीतला अननुभवी मुलगा दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले आणि एकही हरला नाही. डेट्रॉइटने आपला गट जिंकला तो अगदी अखेरच्या दिवशी. पुढच्या फेरीत मात्र ते मिनेसोटाकडून हरले. इकडे स्मोल्ट्झने कारकिर्दीत २१३ विजय मिळवले आणि २०१५ मध्ये तो बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला. हा सौदा मूर्खपणाचा म्हणून तेथे आजही सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. अलेक्झांडर नसता, तर त्या वर्षी गटविजय मिळालाच नसता. डेट्रॉइटला हवे ते मिळाले, अटलांटाला हवे ते मिळाले. अटलांटाला मिळालेले अधिक निघाले, एवढेच.

आपल्या आयपीएलमध्येही याचा जुळा भाऊ सापडतो. २००९ च्या हंगामाआधी, ट्रेडची प्रथा नवी असताना, दोन अदलाबदली झाल्या. बंगळूरूचा झहीर खान मुंबईत आला आणि मुंबईचा रॉबिन उथप्पा तिकडे गेला. श्रीरामपूरचा झहीर मुंबईकडे आल्याने आपल्याकडे चर्चा झाली ती त्याचीच. दुसऱ्या अदलाबदलीत मुंबईने आशिष नेहरा दिल्लीला देऊन शिखर धवन घेतला. नेहराने त्या वर्षी १९ बळी घेतले. धवनने आयपीएल कारकिर्दीत एकूण ६,७६९ धावा जमवल्या. तेव्हा फायदा मुंबईचा झाला म्हणायचा का? मुळीच नाही. कारण धवन मुंबईकडे दोनच हंगाम राहिला. २०११ च्या लिलावात तो डेक्कन चार्जर्सकडे गेला आणि त्याच्या धावांचा डोंगर दुसऱ्यांच्या अंगणात उभा राहिला. जे भविष्य आपल्याला राखता येत नाही ते आपले नसतेच. आमच्या लीगमध्ये तीन वर्षांची मर्यादा आहे, म्हणून आयुष तिशीत कोण होईल याचा विचार आम्हाला कर्तव्य नव्हता. साडूंच्या बाजूने बोलणारे एक-दोघे ‘तो उद्याचा कर्णधार आहे’ वगैरे सांगत होते. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने १९ वर्षांखालील भारतीय संघाचे नेतृत्व केले हे खरे, पण वहीत नेतृत्वाला गुण नाहीत.

नेतृत्वाचा विषय निघाला म्हणून हार्दिक पंड्याच्या सौद्याविषयी एवढेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला गुजरातकडून परत आणले आणि जागा करण्यासाठी साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळूरूला दिला. कागदावर तो व्यवहार वाईट नव्हता. २०२४ मध्ये मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिली आणि वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. खऱ्या संघात माणसांची मने असतात. फँटसी लीगमध्ये ती फक्त संघमालकांना असतात, आणि तीही पुरेशी त्रासदायक ठरतात.

निकालावरून निर्णयाची पारख करू नये, हे तत्त्व म्हणून सर्वांना मान्य असते. स्वतःची लोटी गेल्यावर मात्र ते पाळणे अवघड होते. गच्चीवरील युक्तिवादाचा मुख्य आधार ‘सूर्यकुमारने नंतर २०७ केल्या’ हाच होता. त्यावर मी अजिंक्य रहाणेचे उदाहरण दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानने रहाणे दिल्लीला दिला आणि बदल्यात राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे हे दोघे घेतले. २०२० च्या हंगामात रहाणेने नऊ सामन्यांत ११३ धावा केल्या. तेवतियाने २५५ धावा करून १० बळीही घेतले. शारजामध्ये शेल्डन कॉट्रेलच्या एकाच षटकात त्याने मारलेले पाच षटकार विसरणे शक्य नाही. नुसत्या आकड्यांवर राजस्थानने दिल्लीला साफ लुटले. पण त्या ११३ पैकी ६० धावा साखळीतील अखेरच्या सामन्यात बंगळूरूविरुद्ध आल्या. तो सामना जिंकून दिल्ली दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली आणि पुढे अंतिम सामनाही खेळली. तेवतियाचे षटकार पाहणारा राजस्थानचा संघ त्या वर्षी तळाला राहिला. मग लुटले कोणी कोणाला?

त्याच व्यवहारात आणखी एक बारकावा आहे. एकाच्या बदल्यात दोन खेळाडू आले की घेणाऱ्याला आनंद होतो. पण संघात जागा मोजक्या असतात. दोघे आत आले की आधीच्या एकाला बाहेर काढावे लागते आणि देणाऱ्याकडे मात्र एक जागा रिकामी होते, जी तो बाजारातील कोणाने तरी भरतो. म्हणून दोघांची बेरीज करताना बाहेर गेलेला वजा करावा आणि दुसऱ्या बाजूला फुकट मिळणारा मिळवावा. ‘फुकट मिळणारा’ हाच या साऱ्या मोजणीचा पाया आहे. खेळाडूची खरी किंमत त्याच्या एकूण धावांत नसते. एका कवडीला कधीही उचलता येईल अशा खेळाडूपेक्षा तो किती अधिक देतो, त्यात ती असते. आमच्याकडे प्रत्येक संघात यष्टिरक्षक सक्तीचा आहे आणि बरे यष्टिरक्षक मोजकेच. तेव्हा ३५० धावांचा यष्टिरक्षक हा कित्येकदा ४५० धावांच्या सलामीवीरापेक्षा महाग असायला हवा. आमच्या लिलावात तसे अजूनही घडत नाही.

एवढे सगळे झाल्यावर निवाडा द्यायचा होता. मी स्वतःला तीन गोष्टी विचारल्या. हा सौदा करण्यास दोघांकडेही स्वतःच्या संघाच्या हिताचे पटण्याजोगे कारण होते का? होते. त्या दिवशी ठाऊक असलेल्या माहितीवर ते कारण टिकत होते का? टिकत होते. मग तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देणाऱ्याने हा खेळाडू आणखी कोणाला देऊ केला होता का?

येथे साडू अडकला. त्याने कोणालाच विचारले नव्हते. दुसऱ्या क्रमांकावरचा मित्र सूर्यकुमारसाठी अधिक चांगला तरुण खेळाडू द्यायला तयार झाला असता, कदाचित दोन. घरातल्या घरात बोलणे झाले, दोघांनी होकार दिला आणि रात्री मला फक्त निरोप आला. “अबे, तो घरीच होता, म्हणून त्यालेच म्हटलं,” हे त्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक होते. पण शेतमाल बाजार समितीत न नेता घरच्या माणसाला विकला, तर भाव बरोबर असला तरी गावात कुजबुज होणारच. उरलेल्या आठ जणांची तक्रार सर्वस्वी मत्सराची नव्हती. पहिला आणि नववा यांच्यातील सौदा दोघांनाही फायद्याचा असू शकतो, पण त्याची किंमत दुसरा आणि तिसरा मोजतात. आयपीएलने ट्रेडची खिडकी हंगामाबाहेर ठेवली आहे, ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

तेव्हा निकाल असा दिला. सौदा वैध, लोटी जिंकणाऱ्याकडेच. मात्र यापुढे कोणताही ट्रेड करण्याआधी तो खेळाडू उपलब्ध असल्याची सूचना सर्वांना ४८ तास आधी द्यायची आणि साखळीचे दोन तृतीयांश सामने संपल्यावर ट्रेड बंद. दुसऱ्या क्रमांकावरच्या मित्राने निकाल मान्य केला की नाही, ते नक्की कळले नाही. त्याने करंजी घेतली, एवढे मी पाहिले.

गोष्ट येथे संपायला हवी होती, पण नोव्हेंबरात आयपीएलनेच आमचा हिशेब विस्कटला. पंधरा तारखेला चेन्नईने संजू सॅमसन घेऊन राजस्थानला रवींद्र जडेजा आणि सॅम करन दिले. संजू १८ कोटींना आला, जडेजाची किंमत १८ वरून १४ कोटींवर उतरली, करन २ कोटी ४० लाखांना गेला. ३१ वर्षांचा यष्टिरक्षक-फलंदाज घेऊन ३७ व्या वर्षात सरत आलेला अष्टपैलू देणे, हा सरळसरळ कीपर लीगच्या शैलीतला विचार आहे. त्यात मुदत पाहिली, जागेची टंचाई पाहिली आणि महेंद्रसिंह धोनीनंतर यष्टींमागे कोण, हाही प्रश्न पाहिला. जडेजाने चेन्नईसाठी काय केले याचा हिशेब त्यात नाही. सौद्यात तो नसतोच, म्हणून चाहत्यांना ते क्रूर वाटते.

आमच्या साडूपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. संजूही वरच्या क्रमांकावर खेळतो, ऋतुराज परतणार, मग आयुषची सलामीची जागा राहते का? चेन्नईने त्याला संघात कायम ठेवले होते, पण संघात असणे वेगळे आणि पहिल्या अकरांत असणे वेगळे. मी त्याची लिलाव-किंमत बारावरून नऊवर आणली. महागाईसह साडेअकरा, वजा सहा. फायदा नऊ कवड्यांवरून साडेपाचवर आला. सूर्यकुमारचीही फेरमोजणी करावी लागली, कारण वर्षाच्या उत्तरार्धात भारतीय संघाकडून खेळताना त्याची बॅट थंडावली होती. त्याची किंमत २५ वरून २२ केली, तर महागाईसह २८ होते आणि राखण २७. फायदा उरला जेमतेम एका कवडीचा.

डिसेंबरअखेर दोघांनी आपापल्या याद्या पाठवल्या. साडूने आयुषला सहा कवड्यांना राखले. लोटीवाल्याने बराच विचार करून सूर्यकुमारला २७ ला राखले आणि निरोपाखाली लिहिले, “एका कवडीसाठी नाही, त्या चार सामन्यांसाठी.” वहीत असल्या कारणांना रकाना नाही. मी नुसते २७ लिहिले.